रविवारची आंघोळ

डॉक्टर करंदीकरांना जाऊन महिना झाला, आणि सुप्रभाताई रविवारी दुपारी एकट्याच विलायतेतल्या त्या खेड्यातल्या पबमध्ये येऊन बसल्या. तीस वर्षं डॉक्टर दर रविवारी मित्रांबरोबर इथेच जेवायचे. गोऱ्यांच्या ताटात गाईशिवाय दुसरं काय असणार! म्हणून घरी आल्यावर आंघोळ केल्याखेरीज त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. बॉयलर बिघडलेल्या जानेवारीतही नाही.

पर्सची चेन उघड-बंद करून बोटं दुखली, तरी जिवाला चैन पडेना. शेवटी त्यांनी मालकिणीला विचारलंच, "आमचे डॉक्टर करंदीकर इथे काय खायचे?"

"बटाटे, मटार, कोबी," मालकीण म्हणाली. "मांसाच्या ग्रेव्हीचा थेंब लागला तरी ताट परत पाठवायचे. 'बायकोला चालत नाही,' म्हणायचे."