चाळीस मिनिटांचा राग

चालायचा मला मनापासून कंटाळा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात कुणीतरी नुकतंच चालायला लागलेलं असतं आणि ते माणूस मग दुसरं काही बोलतच नाही.

मला स्टेंट घातला तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, रोज चाळीस मिनिटं भराभर चालायचं, सलग. थांबत थांबत केलेलं धरायचं नाही. "नाहीतर सी यू हिअर अगेन." हे तिने हसत सांगितलं, म्हणून मी जास्त घाबरले.

बाहेर बर्फ, तेव्हा बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आली. मी गाणी लावली, प्रवचनं लावली, मालिका लावल्या. दहा मिनिटं झाली की पाय म्हणायचे, पुरे. मग एके दिवशी मला कांचन आठवली.

कांचन माझी धाकटी नणंद. बारा वर्षांपूर्वी नागपूरहून आमच्याकडे आली होती. गणपतीला घर भरलेलं, मी सगळ्यांना वाढत होते, आणि ही बया भर पंगतीत म्हणाली, "वहिनी, तू राहू दे गं. तू वाकलीस की उठवायला दोन माणसं लागतात." इथल्या मराठी मंडळाच्या बायका खो खो हसल्या. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं.

त्या दिवशी ट्रेडमिलवर मी तिला मनातल्या मनात उत्तर दिलं. मग तिच्या वातड पुरणपोळ्यांवर आले, मग तिने दिलेल्या विटक्या साडीवर, मग तिच्या त्या गोड गोड हसण्यावर. घाम पुसताना बघितलं तर चाळीस मिनिटं होऊन गेली होती! लोकांना कोच लागतो, मला नणंद पुरली. हिवाळाभर मी तिला सोलून काढलं. डॉक्टरीण रिपोर्ट बघून खूश झाली. "व्हॉट्स युअर मोटिव्हेशन?"

"फॅमिली," मी म्हटलं.

आणि गेल्या रविवारी कांचनचाच फोन आला. ती रडत होती.

"वहिनी, तुझ्या स्टेंटचं आत्ता कळलं आणि राहवेना. चुकलंच माझं. मी पंगतीत तसं बोलायला नको होतं. पण दादा सारखा मागे लागला होता, तूच बोल तिला. चारचौघांत लाज वाटली तर वजन उतरवेल. मी बोललो तर घरात अबोला धरेल, म्हणाला."

दादा म्हणजे अरुण. माझा नवरा.

मी "असू दे" म्हटलं आणि फोन ठेवला. अरुण ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून आत आला, तेव्हा त्याला विचारलं. तो खाली बघून बूट काढत राहिला.

"तुझ्या भल्यासाठीच ना, शैलजा. कधीचं काय उकरून काढतेस यार!"

माझ्या भल्यासाठी! बारा वर्षं मी याच माणसाजवळ कांचनच्या कागाळ्या केल्या. आणि हा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "तिची जीभच तशी आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस." किती समजूतदार नवरा मिळाला, असं मला वाटायचं. स्वतःचीच कीव आली मला.

मी खाली गेले आणि ट्रेडमिल सुरू केली. सवयीने कांचनला समोर उभं केलं, पण ती रडतच होती. तिच्यावर काय चिडायचं? दहाव्या मिनिटाला पाय जड झाले. बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात वरून हाक आली.

"चहा टाकू का गं?"

नेहमीचाच प्रेमळ आवाज. मी स्पीड वाढवला.

चाळीस मिनिटं कधी झाली कळलं नाही, आणि मला थांबावंसंही वाटेना. हा राग उद्या पुरेल, परवा पुरेल, जन्मभर पुरेल, हे लक्षात आलं आणि मला चालता चालता रडू कोसळलं. कांचन निदान सातासमुद्रापलीकडे होती. हा वर माझ्यासाठी चहा गाळत होता.