मेजरचा खरा शर्ट

मेजर आयुष्यात कधीच मेजर नव्हता. सिनेमात तो इतक्या वेळा मेजर झाला की शेवटी दूधवालाही त्याला मेजर म्हणायला लागला. मध्ये एकदा त्याला कर्नल केला, तो सिनेमा आपटला. त्यानंतर कुणी त्याला बढती दिली नाही. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणतो, इथे लिहिताना तो म्हणतोय. त्याला वाचायचा कंटाळा आहे, त्यामुळे धोका नाही.

खऱ्या लढाईत मात्र तो गेला होता. चांगलं नाव झालेलं असताना, हातातलं काम टाकून भरती झाला. तेव्हा बरेच नट गेले. एकाला फौजेने भिंतीवरच्या जाहिरातींसाठी ठेवून घेतलं. एकजण जवानांना गाणी म्हणून दाखवत फिरला आणि जवानांनी ते सहन केलं. एकाचे पाय सपाट निघाले म्हणून तो परत आला आणि पुढच्याच सिनेमात त्याने एकट्याने पूल उडवला. मेजरला पाण्याचा टँकर चालवायला दिला. लढाई संपेपर्यंत त्याने तोच चालवला. परत आला तेव्हा अंगात फौजेचा खाकी शर्ट होता आणि उजव्या हातावर भाजल्याची मोठी खूण. रेडिएटर गरम असताना त्याचं झाकण उघडायला गेला होता. स्टुडिओच्या प्रसिद्धीवाल्याने त्या खुणेची गोळीची जखम केली आणि मेजरने हरकत घेतली नाही.

मी त्याच स्टुडिओत रंगभूषेला होतो. जखमा, ओरखडे, रक्त हे माझं खातं. मेजरची खरी खूण कॅमेऱ्यात अगदी खोटी दिसायची. म्हणून प्रत्येक सिनेमात मी आधी ती झाकायचो आणि मग गालावर एक चांगली खोटी काढायचो. लोक पत्रं पाठवायचे, गालाची तब्येत विचारायचे.

माझी बायको तिथेच कपडेपटात शिवणकाम करायची. मेजरचा एक हट्ट होता. सिनेमा लढाईचा असला की पहिल्या शॉटला अंगात तोच फौजेचा शर्ट पाहिजे, नाहीतर सिनेमा पडतो. आता शर्ट एकच आणि पोट मात्र बदलतं. सिनेमा चालला की पोट पुढे, पडला की आत. दर वेळी शर्ट बायकोकडे. तिने तो सैल केला, पुन्हा आवळला, काखेत पट्ट्या घातल्या, कॉलर उलटवली, कोपरांना ठिगळं लावली.

"शर्ट सरकारचा आहे मेजर," ती त्याला ऐकवायची, "पण पोट तुमचं स्वतःचं आहे. त्याची थोडी जबाबदारी घ्या."

"वहिनी, पोट वाढलं म्हणजे तुमच्या हाताला काम मिळालं."

"मग बुद्धी वाढवा. डोक्याला टोपी नवी शिवून देते."

ती गेली तेव्हा तो शर्ट आमच्याच घरी होता. कुठल्याशा मुलाखतीसाठी मेजरने नीट करायला पाठवला होता. तो मशीनशेजारी खुंटीवर टांगलेला होता, तिथेच राहू दिला. तिचे कपडे तिच्या बहिणीने नेले, ते बरं झालं, नाहीतर मी रोज कपाट उघडून उभा राहिलो असतो. पडदे तिनेच शिवले होते, पण पडद्यावर मशीनची सरळ रेघ, ती कुणाचीही असते. शर्टावर तिचा हात दिसत होता. ती डावरी होती, तिचे टाके उलट्या बाजूला कलायचे. सकाळी चहा घेताना मी त्या शर्टाकडे बघत बसायचो. आता मेजरच्या शर्टाकडे बघत चहा पिणारा माणूस शहाणा म्हणवून घेऊ शकत नाही, हे मला कळतं.

एक दिवस मेजर आणि त्याची मुलगी घरी आले. मुलगी बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. बापाशीही ती कर्ज नाकारल्यासारखी बोलते.

"काका, लष्कराच्या संग्रहालयाला बाबांचा शर्ट हवाय. समारंभ आहे. बाबा तो घालून स्टेजवर येणार, भाषण करणार आणि मग त्यांच्या ताब्यात देणार."

"छान," मी म्हटलं. शर्ट त्याचा होता. दुसरं काय म्हणणार?

"तिथल्या बाई फार हुशार आहेत. नंतरचं सगळं शिवणकाम काढणार म्हणाल्या. फौजेतून आला तसा, मूळ स्वरूपात लावणार."

"सगळं काढणार?"

"हो. उसवून."

मी खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं. मेजर माझ्याकडे बघत होता.

"अरे रंगाऱ्या, तोंड का पाडलंस? संग्रहालयात मी चाललोय. मेल्यासारखा मी दिसायला पाहिजे."

"आधी घालून बघा," मुलगी म्हणाली.

मेजरने शर्ट घातला. बाह्या गेल्या, खांदे बसले. पोटावर मात्र बटणं एका काठाला आणि काजं दुसऱ्या काठाला, मध्ये बनियन.

"श्वास आत घ्या बाबा."

"घेतलाय."

"मग बाहेर काय आहे?"

"तो जेवणाचा भाग आहे."

मुलगी माझ्याकडे वळली. "काका, बाजूची शिवण उसवा ना. आत जास्तीच्या कापडाची माया सोडलेली असेल, काकू नेहमी सोडायच्या. नाहीतरी ते सगळं निघणारच आहे."

तिचं बरोबर होतं. मी बायकोच्या डब्यातलं ब्लेड आणलं, मेजरला उभा केला आणि बाजूची शिवण दोन बोटांत धरली. बारीक टाके, सगळे एका बाजूला कललेले. ब्लेड टेकवलं. हात पुढे जाईना. मी आयुष्यभर माणसांचे गळे कापलेले दाखवले आहेत, पण तो धागा कापवेना.

"काय झालं?" मेजर म्हणाला. "गुदगुल्या होतायत."

मी ब्लेड ठेवलं, मोठी कात्री घेतली, मेजरच्या मागे गेलो आणि कॉलरच्या खालपासून पार तळापर्यंत पाठीचं कापड सरळ कापून टाकलं.

मुलगी किंचाळली. "काका! तो खरा आहे! लढाईतला आहे!"

"माहीत आहे मला."

"मग कापलात कशाला?"

"पाठीवर तिचं काही नव्हतं," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. मेजरने मात्र शांतपणे पुढची बटणं लावली. सगळी लागली. त्याने हात वर-खाली करून बघितले.

"हवा छान येते," तो म्हणाला. "बेटा, ओरडू नकोस. सिनेमात नट जाड झाला की असंच करतात. पाठ कोण बघतं? कॅमेरा पुढे असतो."

हे आम्हा दोघांना इतकं पटलेलं होतं की त्यावर पुढे विचारच केला नाही. मी उशीचा एक जुना अभ्रा घेतला, निळ्या फुलांचा, त्याची पट्टी फाडली आणि पाठीच्या फटीत टाचून दिली. माझं शिवण म्हणजे जखमेवरचे खोटे टाके घालण्याइतकंच. लांबून बरं दिसतं.

समारंभाला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत निवृत्त फौजी, छातीवर खरी पदकं. मी मुलीच्या शेजारी बसलो. ती माझ्याशी बोलत नव्हती. निवेदकाने मेजरच्या हातातल्या गोळीची हकिगत सांगितली. त्याच्या सांगण्यात ती गोळी आणखी आत गेली. मेजरने मान खाली घालून ती सोसली. भाषणात तो चांगला बोलला. पाठ त्याने एकदाही वळवली नाही. जुना नट, प्रकाश कुठून येतो ते त्याला बरोबर कळतं.

मग बँड वाजला आणि सगळे उभे राहिले.

झेंडा स्टेजच्या मागच्या भिंतीवर होता.

स्टेजवरचे सगळे पाहुणे झेंड्याकडे वळले. मेजरही वळला. काय वळला! असं वळायला तो फौजेत नाही, स्टुडिओत शिकला होता, पण वळला एकदम कडक. टाच आपटली आणि सलामासाठी हात झटक्यात वर नेला. तेवढ्याने माझे टाके वरून खालपर्यंत सुटले. शर्टाचे दोन पडदे दोन बाजूंना गेले. मध्ये बनियन, आणि खाली शेपटीसारखी लोंबणारी निळ्या फुलांची पट्टी.

सलाम चालू असताना हसता येत नाही. पुढच्या रांगेतले म्हातारे फौजी ताठ उभे होते, चेहरे दगडाचे, आणि खांदे गदगद हलत होते. एकाचं पदक वाजत होतं. माझी बायको असती तर तिने कपाळावर हात मारला असता. कापल्याबद्दल नाही, माझ्या टाक्यांबद्दल.

बँड थांबल्यावर संग्रहालयाच्या बाई आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मेजरने शर्ट काढून टेबलावर ठेवला. बाईंनी कापलेली कड बोटाने तपासली.

"हे ताजं आहे. कुणी केलं?"

"मी."

"का पण?"

"उसवायचं नव्हतं," मी म्हटलं. "बाकीचं शिवण माझ्या बायकोचं आहे. ती आता नाही."

बाईंनी कडेवरचं बोट उचललं. "मला वाईट वाटतं, खरंच. पण आमचं संग्रहालय लष्कराचं आहे. हा शर्ट लढाईत कसा होता ते मला दाखवायचंय. सिनेमात कसा होता ते नाही. उद्या मी खोटं दाखवलं तर लोकांनी कुणाकडे जायचं?"

बोलणं चोख होतं. तेवढ्यात मेजर बनियनवर पुढे आला.

"बाई, सौदा करू. तुम्ही टाके राहू द्या, मी गप्प बसतो. टाके काढलेत तर मी सगळ्यांना खरं सांगेन. गोळीबिळी काही नाही. रेडिएटरने भाजलोय. मी पाण्याचा टँकर चालवायचो. लढाई लांबून ऐकली. शत्रू पाहिला तो एकच, त्यानेही पाणी मागितलं, मी दिलं."

मला वाटलं, झालं, आता बाई शर्ट फेकून देतील. मला तेच हवं होतं. मी घडी घालायला हातसुद्धा पुढे केला.

बाईंचा चेहरा उजळला. "पाण्याचा टँकर? तुम्ही? अहो, आमच्याकडे बंदुका ठेवायला जागा नाही, आणि पाणी पोचवणाऱ्यांचं एक बटणसुद्धा नाही! आता तर मला हा शर्ट हवाच."

मेजरने माझ्याकडे पाहिलं. "रंगाऱ्या, सॉरी. सगळे खरं बोला म्हणतात, त्यात हा असा तोटा आहे."

मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी शब्द दिलाय त्यांना. पण तू नको म्हण, मी मोडतो. माझ्या शब्दाला कुठे काय किंमत आहे, ती गोळीची हकिगत तू ऐकलीसच."

मी टेबलावरच्या शर्टाकडे बघत राहिलो. खुंटीवर परत नेला असता तर मी रोज चहा घेत बसलो असतो, आणि एक दिवस मी गेल्यावर कुणीतरी त्याने गाडी पुसली असती.

"न्या," मी म्हटलं. "पण उसवणार मी. दुसऱ्या कुणाचा हात नको."

बाईंनी ते कबूल केलं.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांची कामाची खोली आहे. मोठ्या खिडक्या, पांढरं टेबल, उजेड भरपूर. ठरल्या सकाळी मी गेलो. मेजरही आला, त्याला म्हणे माझी काळजी वाटत होती. त्याने येताना बिस्किटं आणली होती, बाईंनी ती दाराबाहेर ठेवायला लावली. मी काखेतल्या पट्टीपासून सुरुवात केली. पहिला टाका कापला. दुसरा कापला. धागा हलकेच ओढला.

धाग्याबरोबर कापड आलं. भुगा होऊन टेबलावर पडलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंग आणलं, दिवा ओढला आणि बराच वेळ काख बघितली. मग कोपर. मग बाजूच्या शिवणी. मग खुर्चीत मागे टेकल्या.

"इथे फौजेचं कापड उरलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "केव्हाच विरलंय. तुमच्या पत्नीने आतून अस्तर लावून त्यावर एकेक धागा बसवलाय. हे टाके काढले तर मला काचेत दोन बाह्या, एक खिसा आणि कापलेली पाठ लावावी लागेल."

"मग?" मी विचारलं.

"मग राहू दे. पाटीवर तसं लिहू, कोणतं कापड लढाईतलं आणि कोणतं शिवण कुणाचं. त्यांचं नाव सांगा." त्यांनी माझी पाठीवरची पट्टी उचलली. "हे मात्र मी काढते."

"काढा," मी म्हटलं. "ती असती तर तिनेही ते काढलं असतं."

मी नाव सांगितलं. त्यांनी अक्षरं पुन्हा विचारून घेतली. मला ते जरा जड गेलं, कारण बऱ्याच दिवसांत मी ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं. घरात मी तिला फक्त "अगं" म्हणायचो.

काच लावायच्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा गेलो. शर्ट एका बिनडोक्याच्या पुतळ्याच्या अंगात होता. पोट नसल्यामुळे तो मेजरपेक्षा त्याला चांगला बसला होता. मेजरने पाटी वाचली.

"'पाण्याच्या टँकरचा चालक.' एवढंच? नट आहे हे कुठे आहे?"

"खाली, बारीक अक्षरात," बाई म्हणाल्या.

"आणि वहिनींच्या नावाला दोन ओळी?"

"काम त्यांनी जास्त केलंय."

काच उचलायला माणसं आली. बाईंनी मला विचारलं, "एकदा हात लावायचाय?"

मी पुढे झालो आणि काखेतल्या पट्टीवर बोट ठेवलं. टाके अजून टणक होते.

"काखेत?" मेजर म्हणाला. "एवढ्या शर्टात तुला तीच जागा सापडली?"

"तिने तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवलाय," मी म्हटलं. "तुम्हाला घाम किती यायचा, मेजर."

काच धरलेला माणूस हसला, आणि मग हात काढायला मला तेवढं अवघड गेलं नाही.