शपथ उठवली

ओहायोच्या दक्षिणेला, डोंगरांच्या बेचक्यात, युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना होता. वर्ना प्रॅटर तिथे उंच यंत्रांच्या दालनात काम करायची. आत काय चालतं ते नवऱ्यालाही सांगायचं नाही, अशी शपथ तिने रुजू होतानाच घेतली होती. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होता, आणि वर्ना दिल्या शब्दाला जागणारी.

एकदा मोठा बिघाड झाला. दुरुस्ती होईपर्यंत कुणालाच घरी सोडलं नाही. शेवटी साहेबाने, स्टॅन्ली बर्डिनने, तिला स्वतःच्या गाडीतून घरी पोचवलं. तिचा नवरा क्लाइड ओसरीवरच उभा होता.

"कुठे होतीस इतके दिवस?"

"कामावर."

"याच्याबरोबर?"

"सांगता येत नाही, क्लाइड."

दुसऱ्या दिवशी तिने स्टॅन्लीला गळ घातली. "बिघाड झाला होता, एवढंच सांगा हो त्याला. माझा संसार मोडतोय."

"देश आधी, वर्ना," तो म्हणाला.

क्लाइड नदीपलीकडे केंटकीला निघून गेला. पुढे त्याने तिथल्याच नादीन नावाच्या बाईशी लग्न केलं.

बरीच वर्षं लोटली. सरकारचं धोरण फिरलं. समृद्ध युरेनियम बाहेरून स्वस्त मिळतं म्हणे. दालनातली यंत्रं थांबली. मग एक दिवस स्टॅन्ली म्हणाला, "युरोपातले पाहुणे येतायत. जागा भाड्याने घ्यायचा विचार आहे त्यांचा. तू सगळं दाखव, काही हातचं राखू नकोस."

"आणि शपथ?"

"ती उठवली गं. आता धंदा आहे हा."

पाहुण्यांनी भराभर फोटो काढले. एकजण यंत्राला टिचकी मारून म्हणाला, "हे गुपित होतं? आम्ही असली कधीच मोडीत काढली."

स्टॅन्लीही हसला.

वर्नाने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात ठेवलं. "एक वाक्य मागितलं होतं मी तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि तडक गाडी काढून केंटकीला गेली.

क्लाइड अंगणात शेंगा निवडत बसला होता. तिने त्याला बिघाडापासून सगळं सांगितलं. त्याने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"तेव्हा बोलली असतीस तर..."

"न बोलताही तू विश्वास ठेवायला हवा होतास."

नादीनने बाहेर येऊन गोड चहाचा पेला पुढे केला. वर्नाने तो उभ्यानेच प्यायला, तिचे आभार मानले आणि क्लाइडकडे न पाहता निघाली. कारखान्यात ती पुन्हा गेली नाही. स्टॅन्लीने निरोपामागून निरोप धाडले. तिने एकालाही उत्तर दिलं नाही.