चित्त्याची म्होरकी

जमुना गेल्यापासून नत्थुजी सुतारांच्या पडवीतले लाकडी बैल भिंतीकडे तोंड करून उभे होते.

हा नियम तिचाच, नत्थुजींच्या बायकोचा. ज्या बैलाला अजून डोळे नाहीत त्याने माणसांकडे तोंड करायचं नाही, असं ती म्हणायची. नत्थुजी शिवणीच्या झाडाच्या लाकडातून बैल कोरायचे, चाकं लावायचे आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून द्यायचे. मग जमुना एकेक बैल आतल्या खोलीत न्यायची, दार लोटायची, डोळे काढायची आणि बाहेर आणून रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मूर्तिजापुरातली कितीतरी पोरं तिच्या डोळ्यांचे बैल दोरीने ओढत फिरायची. त्या वर्षांत शेतातल्या बैलांची दावण रिकामी होत चालली होती, पण ज्याचा गोठा ओस पडला तोही पोरासाठी लाकडी बैल नेतच होता.

मागच्या आषाढात ती गेली. ताप आला, अकोल्याला नेली, परत आणली ती तशीच. पोळा तोंडावर होता. लोक बैल न्यायला आले तेव्हा नत्थुजी म्हणाले, "नाहीत यंदा." लोकांना भिंतीकडे तोंड केलेले बैल दिसत होते. ते तसेच परत गेले.

यंदाचा श्रावण लागला आणि अमरावतीहून एक बाई आल्या. इफ्फत मॅडम. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पडवीत आल्या, बैलांच्या पाठी पाहिल्या आणि थांबल्या.

"नत्थुजी तुमीच ना? माझ्या भाच्यासाठी बैल नेला होता तुमच्याकडून. लई दिवस झाले. तो बैल अजून आमच्या घरी हाये. कुठंबी ठेवा, आपल्याकडंच पाहून राहिला असं वाटते."

"त्याचे डोळे आमच्या घरच्यांनी केले होते," नत्थुजी म्हणाले. "ते आता नाहीत."

मॅडमनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "मले बैल नको. चित्ता पाहिजे."

कॉलेजच्या संग्रहालयात एक पेंढा भरलेला चित्ता होता. किडीने त्याचं डोकं आधी खाल्लं, मग उरलेला खाल्ला. हाती राहिला कातड्याचा एक तुकडा, ठिपक्यांचा. पन्नास-साठ वर्षं झाली, देशात चित्ता उरला नव्हता. पोरं पुस्तकात वाचत आणि बिबट्यालाच चित्ता म्हणत. मॅडमना त्या रिकाम्या काचपेटीत पुन्हा चित्ता उभा करायचा होता, लाकडाचा, खऱ्या मापाचा.

त्यांनी पिशवीतून एक जुना फोटो काढला. एक बैलगाडी, गाडीवर पागोटेवाला माणूस, आणि त्याच्या मांडीला टेकून बसलेलं एक लांब, सडसडीत जनावर. डोळ्यांवर चामड्याची टोपी.

"हे माझे परदादा. एलिचपूरला चित्ते सांभाळायचे. शिकारीले न्यायचे तर गाडीवर बसवून, डोळे झाकून. हरणांच्या जवळ गेले की टोपी काढायची."

"तेलघाण्याच्या बैलाले झापड असते तसं."

"तसंच. म्हणून तर पंचाईत हाये. घरात हा एकच फोटो, आन् त्यात डोळेच नाहीत. आफ्रिकेतल्या चित्त्याचे फोटो मिळतात, ते मी आणून देते पुढच्या हप्त्यात. पण अंगलट आपल्या चित्त्याची पाहिजे, ह्या फोटोतली."

"अंग मी करतो," नत्थुजी म्हणाले. "डोळे मी करत नाही."

"काहून?"

"मले येत नाहीत."

"बरं. डोळे आमचे ड्रॉईंगचे सर करतीन. अंग तं करा."

नत्थुजी हो म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वर्षभर हाताला काम नव्हतं, आणि बैल कोरायला बसलं की नजर आतल्या खोलीच्या दाराकडे जायची. चित्ता जमुनाने कधी पाहिला नव्हता. त्यांनाही ठाऊक नव्हता. तेवढं बरं वाटलं.

शिवणीचा एक जुना ओंडका परसात वाळत पडला होता. तो त्यांनी वाकसाने तासायला घेतला. चार दिवसांनी शेजारचा सहदेव आला. सहदेवचं सायकलीचं दुकान होतं आणि दुकानात बसण्यापेक्षा तो पडवीत जास्त बसायचा. ओंडक्याभोवती फिरला.

"नत्थुभाऊ, हा चित्ता वखराले जुपायचा हाये काय?"

"काहून रे?"

"वशिंड काहाडलं ना तुमी त्याले!"

खरंच होतं. आयुष्यभर बैल कोरलेल्या हाताने न सांगता मानेच्या मागे वशिंड उभं केलं होतं. पायही खांबासारखे, ओझ्याचे. नत्थुजी फोटो घेऊन दारात उजेडाला बसले. मग वशिंड तासलं. छाती खोल ठेवली, पोट आत घेतलं, कंबर इतकी बारीक केली की सहदेव म्हणाला, "आता याले जेवू घाला." पाय लांब झाले. खांदे वर आले, डोकं त्यांच्या खाली, पुढे. जनावर उभं असून निघालेलं दिसायला लागलं.

मग तोंड. मॅडम पुढच्या हप्त्यात येते म्हणाल्या होत्या, पण कॉलेजच्या परीक्षा निघाल्या आणि त्यांचा निरोप आला की उशीर होईल. नत्थुजींना थांबवेना. फोटो होताच. फोटोत टोपीच्या खालून दोन काळे पट्टे निघत होते, नाकाच्या दोन्ही बाजूंनी थेट तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत. बैलाच्या तोंडावर म्होरकी असते, दोरीची, नाकाच्या वरून गालांवर येणारी. ती कोरण्यात नत्थुजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. टोपी आहे म्हणजे ती बांधायला पट्टा असणार, आणि हा तोच पट्टा, यात त्यांना शंका आली नाही. बारीक पटाशीने दोन्ही गालांवर खोल, सरळ चर पाडले. डाव्या गालावर, पट्टा जिथे संपतो तिथे, एक छोटी गाठही काढली. गाठ सुरेख जमली.

मॅडम आल्या त्या हातात पुस्तक घेऊन. चित्त्याभोवती फिरल्या, पाठीवरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते त्यांनी लपवलं नाही. मग समोर आल्या आणि एकदम हसल्या.

"हे काय हो, नत्थुजी?"

"म्होरकी. फोटोत हाये तशी."

"अहो, तो पट्टा नाही. केस हायेत त्याचे. काळी रेघ. डोळ्यांतून निघते, तोंडापर्यंत येते. कुठल्याबी चित्त्याले असते. बिबट्याले नसते, वाघाले नसते. चित्ता ओळखायचा तो त्या रेघेवरूनच." त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. काजळ लावून रडलेल्या बाईच्या गालावर ओघळ यावेत तशा दोन रेघा.

नत्थुजींचा चेहरा उतरला. "मंग हे लाकूड वाया गेलं."

"काही वाया गेलं नाही. पुट्टी भरा, घासून घ्या. सर वरून रंगवतीन." मॅडमनी पुस्तकातून एक कागद काढला. "हे पाहा, सरांनी डोळ्यांचं चित्र काढून दिलं."

नत्थुजींनी कागद हातात घेतला. चित्र चांगलं होतं, हात तयार होता. पण डोळे कपाळावर आठी घातल्यासारखे, कॅलेंडरवरच्या वाघाचे.

"हा कोणावर संतापला?"

"जनावर जंगली दिसलं पाहिजे म्हणतात ते."

नत्थुजींनी कागद परत दिला. बोलायचं नव्हतं, पण बोलले. "आमची जमुना डोळे काहाडायच्या आधी बैलाले इचारायची, काय पाहून राहिला रे तू? दार लोटलेलं राहायचं. मले बाहेर आयकू यायचं. मंग तीच बैलाच्या तर्फेनं सांगायची. पोराच्या टाचा पाहून राहिलो. कधी म्हणे, कडबा पाहून राहिलो. मी बाहेर हसत बसो."

"मग तुमीच करा ना डोळे."

"हात कसा फिरायचा तिचा ते मी कधी पाह्यलंच नाही. पाहू द्यायची नाही ती. मी केले आन् ते मेल्यासारखे दिसले तं?"

त्यांना खरी भीती ती होती. तिचे ब्रश, तिची काजळीची डबी वर्षभर आतल्या खोलीत कोनाड्यात तशीच होती. आपण ते उचलले आणि काही झालंच नाही, तर तिचं जे काही त्या डबीत शिल्लक आहे असं वाटत होतं तेही नाही हे कळणार. आणि दुसऱ्याने येऊन या पडवीत डोळे काढले, तर ते तर त्याहून वाईट.

मॅडम निघायला उठल्या. नत्थुजींनी विचारलं, "टोपी काढल्यावर तो पहिले काय पाह्यचा? हरीण?"

मॅडम दारात थांबल्या. "माझी दादी सांगायची. टोपी काढली की तो पहिले परदादांकडे पाह्यचा. घडीभरच. आपलाच माणूस हाये ना, हे पाहून घ्यायचा. मग ते त्याचं तोंड धरून हरणांकडे वळवायचे."

"पहिले आपल्या माणसाले."

"हो. दादी तं असंच सांगायची."

"सरांले थांबा म्हणा," नत्थुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सहदेवच्या मदतीने चित्ता आतल्या खोलीत नेला आणि सहदेवला बाहेर काढून दार लोटलं. कोनाड्यातली डबी उतरवली. काजळी वाळून खडा झाली होती, पण जवसाचं तेल घालून घोटली तशी सुटली. ते खाली बसले, चित्त्याच्या तोंडासमोर तोंड करून. कोरे, गोल उंचवटे त्यांच्याकडे होते. मग घसा खाकरला.

"काय पाहून राहिला रे तू?"

आवाज ओळखीचा वाटला नाही. बाहेर सहदेव होता, त्याने ऐकलं असणार. खोलीत काही बदललं नाही. नत्थुजींना कळलं की उत्तर तिनेच द्यायचं असायचं, आणि आता ते त्यांनाच द्यावं लागणार.

"तुमाले पाहून राहिलो," ते हळूच म्हणाले. "टोपी आताच काढली ना."

मग त्यांनी ब्रश बुडवला. बुबुळ पिवळट, त्यात गोल काळी बाहुली, समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी जुळेल अशी, किंचित वर. एका ठिकाणी कड फाटली. ती त्यांनी पुसली नाही. चरांत पुट्टी भरली नव्हतीच. डोळ्याच्या कोपऱ्यात काजळीचा थेंब सोडला आणि तो चर धरून आपोआप खाली उतरला, तोंडापर्यंत, कुठे न सांडता. ब्रशने इतकी सरळ रेघ त्यांना ओढता आली नसती. दुसरा थेंब सोडला. डाव्या गालावरची गाठ तेवढी काळ्याखाली राहिली. ती तासायची तर गाल गेला असता.

दार उघडलं तेव्हा सहदेव पायरीवर बसला होता. आत आला, चित्त्यासमोर उभा राहिला, डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला.

"वयनीसारखे नाही जमले," तो म्हणाला.

"नाहीच जमले."

"पण पाहून राहिला, नत्थुभाऊ. बेट्याची नजर हलत नाही."

"तिचे डोळे बैलाचे होते," नत्थुजी म्हणाले. "हे याचे हायेत."

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मॅडम टेम्पो घेऊन आल्या. चित्त्यासमोर उकिडव्या बसल्या, त्याच्या नजरेच्या उंचीला, जसे फोटोत परदादा बसले होते. बोटाने डाव्या गालावरची रेघ चाचपत खाली आल्या, गाठीपाशी बोट थांबलं. वर पाहिलं.

"राहून गेली," नत्थुजी म्हणाले.

"राहू द्या. परदादांनी बांधली असन."

चित्ता पोत्यांत गुंडाळून टेम्पोत चढला. डोळ्यांवर पोतं टाकताना ड्रायव्हरचा हात घडीभर थांबलेला नत्थुजींनी पाहिला. धूळ खाली बसेपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले. मग पडवीत आले. भिंतीशी बैल उभे होते, पाठीवर वर्षाची धूळ. त्यांनी सगळ्यात पुढचा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला, आतल्या खोलीत नेऊन जमिनीवर ठेवला आणि त्याच्यासमोर बसले. दार लोटायला उठले, मग उघडंच ठेवलं.

"आन् तू, बाप्पा?" ते म्हणाले. "तू काय पाहून राहिला?"