जरा धरता का?

जहाजावरून उतरल्यावर चौथ्या मिनिटाला एका गृहस्थांनी आपला खोकला शलाकाकडे सांभाळायला दिला.

"ताई, जरा धरता का?" ते म्हणाले. "पुढे आरोग्यवाले बसलेत. ऐन वेळी आला तर तासभर बसवून ठेवतील. आलोच मी."

शलाकानं हात पुढे केला, कारण कोणी असं म्हटलं की हात पुढे जातोच. खोकला लिंबाएवढा होता, कोमट होता आणि दर नऊ-दहा सेकंदांनी तळव्यावर उसळी घेत होता. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम भरला असता. शलाका एका प्रयोगशाळेत वजनकाटे तपासायचं काम करायची, त्यामुळे तिचा अंदाज सहसा चुकत नसे. गृहस्थ साध्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि मोकळ्या छातीनं इकडेतिकडे बघू लागले.

बंदराच्या त्या लांबलचक हॉलमध्ये डावीकडे दोनशे-सव्वादोनशे प्रवाशांची साधी रांग होती आणि उजवीकडे जमिनीवर एक हिरवा पट्टा होता. पट्ट्यावरून फक्त 'विश्वासू प्रवासी' जाऊ शकत. शलाकानं त्यासाठी दोन महिने आधी अर्ज केला होता. दहा बोटांचे ठसे दिले होते, डोळ्यांचे फोटो दिले होते आणि मुलाखतीत "तुमच्यावर कोणाचा विश्वास आहे?" असं विचारल्यावर "बहिणीचा" असं उत्तर दिलं होतं. मग गळ्यात घालायचं हिरवं कार्ड आलं. पट्टा अठरा पावलांचा होता, टोकाला काचेचं गेट. बॅग उघडायची नाही, फॉर्म भरायचा नाही, चार मिनिटांत बाहेर.

चार मिनिटांवरच सगळं अवलंबून होतं. साडेबारा वाजता विवाह नोंदणी कार्यालयात तिच्या धाकट्या बहिणीचं, केतकीचं, लग्न होतं. नोटीस दिल्याला आज तीन महिने पुरे होत होते. आज लग्न लागलं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि तेवढं थांबायचं बळ केतकीत उरलं नव्हतं. तीन साक्षीदार लागतात. दोन नवऱ्या मुलाचे, ॲल्विनचे, मित्र होते. तिसरं माणूस आपल्या घरचं असलं पाहिजे, या एका गोष्टीवर केतकी अडून बसली होती. घरात आई जाऊन सहा वर्षं झाली होती. उरले बाबा आणि शलाका. बाबांनी आठ महिन्यांपूर्वी या लग्नाला 'नाही' म्हटलं होतं आणि त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त याच आठवड्यातल्या समुद्रसफरीची तीन तिकिटं काढून आणली होती.

केतकी आली नाही. शलाका आली, कारण दोघीही आल्या नसत्या तर बाबांना शंका आली असती. तिचं गणित सोपं होतं. बाबा साध्या रांगेत दोन तास अडकणार, ती चार मिनिटांत सटकणार, सही करून परत येणार आणि बाबा बाहेर आले की त्यांना टॅक्सीत बसवणार. आत्ता सव्वा अकरा झाले होते.

ती अठरा पावलं चालायला निघाली. गेटपाशी पोचली ती एकोणिसाव्या पावलावर.

"स्वागत आहे," गेट म्हणालं. आवाज बाईचा होता, गोड होता. "तुमच्याकडे दुसऱ्या कोणाची वस्तू आहे?"

"एक खोकला आहे," शलाका म्हणाली.

"कृपया परत करून या."

ती मागे वळली, तर पट्ट्याच्या तोंडाशी तीन मोठ्या बॅगा घेतलेली एक बाई तिची वाटच पाहत होती.

"तुम्ही विश्वासू आहात ना? कार्ड दिसलं म्हणून थांबले," बाई म्हणाली. "पाच दिवस डेकवर नुसती पडून होते हो. ऊन खाऊन खाऊन माझी सावली बघा केवढी जाड झालीये. जादा सामानात धरतील मेले. दोन मिनिटं फक्त." बोलता बोलता तिनं सावलीची चार पदरी घडी घातली आणि शलाकाच्या डाव्या हातावर टाकली. ती ओल्या सतरंजीसारखी जड होती.

"अहो, मला घाई आहे."

"मग तर बरंच की. तुमची रांग लवकर सरकते."

शलाकानं खोकलेवाल्या गृहस्थांना शोधलं. ते साध्या रांगेतून पार झाले होते. तपासायला त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना कोणी थांबवलं नव्हतं. काचेपलीकडे ते रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते, एकदाही न खोकता.

मग एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. त्यांचं भांडण चालू होतं आणि बाहेर मुलाची आई घ्यायला आली होती. "हे अर्धंच झालंय," मुलगी म्हणाली, "म्हणून जरा आडवं धरा. कलंडलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं." दोघांनी दोन टोकं धरून भांडण शलाकाच्या उजव्या हातावर ठेवलं. ते काटेरी होतं, पण एकाच बाजूनं. कोणत्या, यावर दोघांचं एकमत नव्हतं.

एक वस्तू घेतली की पट्टा एका पावलानं वाढतो, हे शलाकाच्या लक्षात आलं. तिनं ते तीनदा मोजून पाहिलं. वस्तू खाली ठेवली तर परत हातात येत होती. बाकावर ठेवली तरी येत होती. ज्याची त्याच्या हातात दिली तरच सुटत होती, आणि ज्याची त्याला द्यायला जावं तोवर तो बाहेर पडलेला असे. साध्या रांगेकडे जाताना वाटेत आणखी दोघं-तिघं भेटत. "ताई, जरा हे." "मॅडम, एकच मिनिट." "तुमचा चेहराच सांगतो हो." पावणेबारापर्यंत तिच्याकडे एका काकांची कमरेतली उसण होती, एका शिक्षिकेनं वर्षभर कोणाला न सांगितलेली बातमी होती, कोणाची तरी दुपारची झोप खांद्यावर आडवी पडली होती. पट्टा एकतीस पावलांचा झाला होता.

गेटशेजारी टेबल टाकून घरत नावाच्या अधिकारी बाई बसल्या होत्या. त्या डब्यातली मटकीची उसळ चमच्यानं खात होत्या.

"मॅडम, मला साध्या रांगेतून जायचंय," शलाका म्हणाली.

"तुम्हाला कसं जाता येईल? तुम्ही विश्वासू."

"मला नको आहे तो विश्वास. रद्द करा."

"असं आयत्या वेळी करता येत नाही. लोकांनी ठेवलाय तुमच्यावर." बाईंनी साध्या रांगेकडे कौतुकानं पाहिलं. "बघा कशी सरकतेय. आधी संध्याकाळ व्हायची. ही योजना आली आणि सगळं सुरळीत झालं."

"पण माझं काय?"

"तुमच्यामुळेच तर झालं," बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

शलाकानं हनुवटीनं रेटून गळ्यातलं कार्ड डोक्यावरून काढून टाकलं. खाली दुसरं होतं. तेही काढलं. तिसऱ्यावर तिचा फोटो थोडा अधिक प्रामाणिक दिसत होता. चौथं कोमट लागलं, तेव्हा तिनं नाद सोडला.

फोन वाजला. तो तिनं कान आणि खांद्याच्या मध्ये कसाबसा अडकवला.

"ताई, आम्ही काचेपाशी आलोय," केतकी म्हणाली. "तू दिसतेयस मला. निघ ना!"

"निघालेय."

"तू मागे मागे जातेयस."

"मी पुढेच चाललेय. पट्टा लांब होतोय."

"हे बघ, तुला यायचं नसेल तर तसं सांग सरळ. उगाच फिजिक्स नको सांगूस."

"केतू, शहाणपणा करू नकोस. पाच मिनिटं दे."

काचेपलीकडे केतकी मोरपंखी सुती साडी नेसून उभी होती. शेजारी ॲल्विन दोन हेल्मेट पोटाशी धरून होता आणि शलाकाला जोरजोरात हात करून बोलावत होता, जणू ती एखादी आडमुठी गाय होती.

शलाका तरातरा गेटपाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारी यंत्राशी खोटं बोलली.

"तुमच्याकडे दुसऱ्या कोणाची वस्तू आहे?"

"नाही."

"उत्तर अस्पष्ट."

"नाही!"

"उत्तर अस्पष्ट."

तिनं तो शब्द हळू म्हणून पाहिला, ओरडून पाहिला, तोडून पाहिला. आवाज वाढवला तरी फरक पडत नव्हता, म्हणजे गेट आवाज मोजत नव्हतं. ते दुसरंच काहीतरी मोजत होतं, आणि ते तिच्या 'नाही'मध्ये पुरेसं नव्हतं. सात वेळा म्हटल्यावर तळव्यावरच्या खोकल्याला उबळ आली आणि घरत बाईंनी तिला "तब्येत बरी नाही का?" असं विचारलं. शलाकाला रडू येईना, कारण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

बारा वाजून पाच मिनिटांनी साधी रांग संपली. सव्वादोनशे माणसं गेली. शेवटी एकच माणूस उरला, पांढरा बुशशर्ट, चाकांची निळी बॅग. ते बाबा होते. ते काउंटरकडे न जाता हिरव्या पट्ट्याच्या कडेला येऊन थांबले.

"तू अजून इथेच?"

"पुढेच चाललेय, बाबा."

"मला वाटलं केव्हाच पळाली असशील." त्यांनी घड्याळ पाहिलं. "साडेबाराची वेळ आहे ना?"

शलाकाच्या हातावरचं भांडण किंचित कललं. तिनं ते सावरलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नोटीस लावतात तिथे बोर्डावर, ठरली की वेळही. काचेच्या आत. मी दर सोमवारी जाऊन वाचायचो." बाबांनी बॅगचा दांडा खाली दाबला, पुन्हा वर ओढला. "अक्षर केतकीचं होतं. तिनं माझं नाव नीट लिहिलंय, जोडाक्षरासकट."

"हरकत घ्यायला तीस दिवस होते तुम्हाला."

"फॉर्म आणला होता. पण त्यात कारण लिहावं लागतं." त्यांनी दांडा पुन्हा खाली दाबला. "कारण कुठे होतं? नुसता 'नाही'च होता."

काचेपलीकडे केतकीनं बाबांना पाहिलं आणि ॲल्विनच्या थोडी मागे सरकली. बाबांनी ते पाहिलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडाशी धरला आणि दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी उचलून घेतलं. ते सुपारीएवढं होतं, काळंभोर आणि आठ महिने तोंडात राहून गुळगुळीत झालेलं.

"हा जरा धर," ते म्हणाले. "हा घेऊन तिच्यासमोर उभं राहता येत नाही. एकदा बघून येतो तिला. आलोच."

"बाबा, माझे हात भरलेत."

"मग तोंड उघड."

तिनं तोंड उघडलं, कारण बाबांनी असं म्हटलं की लहानपणापासून तोंड उघडतंच. त्यांनी तो तिच्या जिभेवर ठेवला. एवढ्याशा वस्तूला एवढं वजन असू नये. तिच्या ओळखीच्या कोणत्याच धातूची घनता तेवढी नव्हती. तिला "थांबा" म्हणायचं होतं, पण त्याच्या बाजूनं दुसरा शब्द जायला जागाच नव्हती.

बाबा बॅग ओढत साध्या काउंटरवरून निघून गेले. घरत बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर ते केतकीसमोर उभे राहिले. काचेतून ऐकू येत नव्हतं. केतकी आधी खाली बघत होती, मग वर बघू लागली. बाबांनी तिच्या खांद्यावरचा पदर उगाच नीट केला. ॲल्विनला काहीतरी विचारलं, आणि त्यानं घाबरून दोन्ही हेल्मेट त्यांच्या हातात दिली. बाबा हसले. त्यांचे पुढचे दात दिसले. शलाकानं ते कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

ती बत्तीस पावलं चालून गेटपाशी आली.

"तुमच्याकडे दुसऱ्या कोणाची वस्तू आहे?"

तिनं काहीच केलं नाही. जीभ आपोआप उचलली गेली.

"नाही," बाबांचा आवाज म्हणाला.

"उत्तर स्पष्ट," गेट म्हणालं. "सहकार्याबद्दल आभार." आणि काच बाजूला सरकली.

बाहेर ऊन होतं आणि बारा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. रिक्षा उभी होती. केतकी धावत आली, शलाकाच्या हातांवरचा ढीग पाहून थबकली, मग जागा मिळेल तिथून तिनं ताईला मिठी मारली.

"ताई, बाबा येतायत! बाबा स्वतःहून येतायत आपल्याबरोबर, ऐकलंस का? अगं, बोल ना काहीतरी!"

"तिथे गेल्यावर बोलेल," ॲल्विन म्हणाला. "ताई, टेन्शन नका घेऊ. साहेब एकच प्रश्न विचारतात साक्षीदाराला. या दोघांना ओळखता का, एवढंच. हो म्हणायचं, सही करायची, संपलं."

शलाकाच्या तोंडात तो हलला.

तिनं ओठ घट्ट मिटले आणि वेगानं बाबांकडे गेली. त्यांच्यासमोर उभी राहून तिनं, डॉक्टरला दाखवावी तशी, सबंध जीभ बाहेर काढली. ती बाहेर होती तोवर तो शब्द होऊ शकत नव्हता. टोकावर तो काळा 'नाही' उन्हात चकाकत होता, हात पुढे केला असता तर अलगद घेता आला असता.

"ताई, हे काय लहान मुलासारखं?" केतकी हसत म्हणाली. "बाबा, बघा हो ही कशी करतेय!"

बाबांनी पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हेल्मेट हळूच जमिनीवर ठेवली, हात पाठीमागे नेले, बोटांत बोटं गुंतवली आणि एक पाऊल मागे सरकले.