डाव्या बाजूचा पाहुणा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही खाटेवर पडला आहात आणि शेजारी एक हात पडलेला आहे. तुमचा नाही. कुणाचा, ते ठाऊक नाही. तो जात नाही, बोलत नाही, नुसता पडून आहे. आता सांगा, झोप लागेल तुम्हाला?

मोहगावजवळ संत्र्याच्या बागेत राहणाऱ्या गुणवंता आबाजींना लागत नव्हती. लकव्याचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि तेव्हापासून स्वतःचाच डावा हात त्यांना परका वाटू लागला. मेंदूला इजा झाली की कधीकधी असं होतं. त्या हाताची मूठ घट्ट आवळलेली असे. कुणी उघडायला गेलं की आबाजी ओरडत, म्हणून सून तृप्ती ती वरूनच पुसायची.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. तिथल्याच ॲक्युपंक्चर करणाऱ्या बाईंनी कानावर ठरावीक जागी मोहरीएवढे दाणे चिकटवले; ते रोज दाबले की झोप यायला मदत होते, म्हणाल्या.

"दोन्ही चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. "झोपच नसेल तर व्यायामाला बळ कुठून येईल? आत्ता वेळ गेली, तर पुढे चालणं कठीण."

दाणे दाबायचं काम नात मानसीकडे आलं.

एका संध्याकाळी जेवणं आटोपली होती. तृप्तीनं गोळी आणून आबाजींच्या उजव्या हातावर ठेवली आणि भांडी घासायला मागे गेली. मानसीनं कान धरला.

"हळू दाब ना पोरी, कान आहे तो, रेडिओचं बटन नाही!"

"मग झोपत काऊन नाही तुम्ही, आबाजी?"

"तो जागा आहे ना."

"कोण?"

आबाजींनी हनुवटीनं डावीकडे दाखवलं. "पाहुणा. पाह्य, कसा पडून राहिला. तो झोपला की मीही झोपतो."

"पण गोळी तर घेता ना?"

"त्याले देतो. पाहुण्याच्या आधी आपण कसं खावं?"

त्या घरात पाहुण्याचं ताट वाढल्याशिवाय कुणी घास घेत नसे. मानसीनं चादर सारली आणि एकेक बोट हळूच उलगडलं. या वेळी आबाजी ओरडले नाहीत. ते टक लावून बघत होते. तळहाताला पांढऱ्या गोळ्या चिकटल्या होत्या. काही घामानं विरघळलेल्या. एक मात्र अर्धीच होती, कुरतडल्यासारखी.

"आई!"

तृप्ती धावत आली. "अगं बाई! मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"ओरडू नको, सूनबाई. तो ऐकून राहिला."

तृप्तीनं त्या गोळ्या काढून टाकल्या आणि आजची गोळी त्यांच्या तोंडाशी नेली. आबाजींनी ओठ मिटले. "आधी त्याले."

तृप्तीचे डोळे भरून आले. तेवढ्यात मानसीनं संत्र्याची एक फोड सोलून त्या थंड तळहातावर ठेवली.

"पाहुणे, जेवून घ्या," ती म्हणाली. "आता आबाजींची पाळी."

आबाजींनी तोंड उघडलं. गोळी पाण्याबरोबर आत गेली. आणि इकडे मूठ मिटली, मानसीच्या बोटासकट. चांगली घट्ट.

"बोट काढ, मानसी," तृप्ती कुजबुजली. "काढ लवकर."

मानसी खाटेच्या कडेला टेकली.

"थांब ना आई. पाहुणे अजून झोपले नाहीत."