अवेळी जिलबी

डब्याची सुट्टी झाली की विजयमालाच्या लाइनीवरच्या बायका उठून करुणाभोवती जाऊन बसत. स्वतःच्या सुपरवायझरला ओलांडून! विजयमाला केबिनच्या काचेतून बघत राही आणि भाकरीचा घास तोंडात नुसता फिरे. करुणा शेजारच्या लाइनीची सुपरवायझर, वरकुट्याची कालची पोरगी. विजयमालानं याच डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये फळं पुसण्यापासून सुरुवात केलेली. करुणाला काम शिकवलं तेही हिनंच. आणि आता छबूबाई, सणसरच्या टोळीची म्होरकी, जी विजयमालाशी तोलून-मापून बोले, ती करुणाच्या मांडीवर थाप मारून हसत होती.

"एवढं काय सांगती ही भवानी?" विजयमाला स्वतःशीच पुटपुटे.

दिवसच वाईट होते. समुद्रापलीकडं लढाई पेटलेली, बोटी अडकलेल्या, बाहेरच्या ऑर्डरी थांबलेल्या. हंगाम संपायच्या आतच पॅकहाऊस बंद होणार, अशी कुजबुज होती. मालक भानुदासरावांनी दोघी सुपरवायझरांना बोलावून घेतलं.

"काय व्हईल ते मलाच कळंना. पण टोळी जाऊ देऊ नका. बाया इंदापूरच्या पॅकहाऊसला गेल्या आन उद्या ऑर्डर आली, तर माल क्रेटमदीच सडंल. ज्या लाइनीला बाया न्हाईत, ती लाइन बंद."

म्हणजे लाइन गेली की विजयमालाही गेली.

तिनं तिच्या परीनं सगळं केलं. कुणी काही विचारलं की ठणकावून सांगे, "सगळं वेवस्थित हाय. हात चालवा." बायका हात चालवत, आणि सुट्टीत करुणाकडं जात.

शेवटी तिनं बारामतीहून गरम जिलबी आणली. करुणानं कधी कुणाला शेंगदाणा तरी चारला होता का? सगळ्या लाइनीला स्वतःच्या हातानं वाढली. "खावा गं, पोटभर." बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मुकाट्यानं खाल्लं. छबूबाईनं तर तिचा हात हातात घेतला. "लई केलं तुमी आमचं, ताई." विजयमालाचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनीच तिनं मुद्दाम करुणाकडं बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बायकांना घेऊन येणारी सणसरची जीप आलीच नाही.

विजयमाला तडक करुणापुढं जाऊन उभी राहिली. "काय भरलंस त्यांच्या कानात?"

"मी? ताई, मी तर..."

"गोड बोलून माझी टोळी फोडलीस!"

"छबूबाईंनाच विचारा. मी सांगितलं तर तुमाला पटायचं न्हाय."

विजयमालानं स्कूटी काढली आणि सणसर गाठलं. छबूबाई दारात शेंगा निवडत बसली होती.

"हंगामाच्या शेवटच्या दिशी जिलबी कोण वाटतं?" जीप का आली नाही म्हटल्यावर तिनंच उलटं विचारलं.

"मीच. दरसाल."

"मग? अर्ध्या हंगामात जिलबी आली. आमी वळखलं, सपलं काम. ताईंच्या तोंडून निघंना म्हणून गोड खाऊ घातलं. उद्यापास्नं इंदापूर."

"अगं बाई, मला इचारायचं की!"

"तुमाला?" छबूबाई हसली. "तुमी म्हणणार, वेवस्थित हाय. दारात आगीचा बंब आला तरी तुमचं वेवस्थितच."

विजयमालाला तेव्हाही राहवलं नाही. "आन ती करुणा काय सांगती मोठं?"

"ती म्हणती, मला म्हाईत न्हाय."

"एवढंच?"

"मालक बोलला तेवढं सांगती. फुडचं म्हाईत न्हाय म्हणती. आन आमचं ऐकून घेती."

'म्हाईत न्हाय' तर विजयमालाकडंही होतं! करुणापेक्षा ढीगभर जास्त होतं. माहीत नाही म्हटलं तर सुपरवायझरची अब्रू जाते, म्हणून तिनं ते केबिनमध्ये कोंडून ठेवलेलं. आणि ती पोरगी तेच वाटून टोळीची लाडकी झाली होती.

"मला बी म्हाईत न्हाय, छबूबाई." शब्द घशात डाळिंबाच्या सालीसारखे कडू लागले. "लाइन ऱ्हाईल का, मी ऱ्हाईन का. भ्या वाटतंय."

छबूबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आन कळल्यावर? वाईट असलं तर?"

"ज्या दिशी मला, त्याच दिशी तुमाला. मग खुशाल इंदापूरला जावा."

"समद्यांच्या म्होरं म्हणाल?"

"म्हणीन."

दुसऱ्या सकाळी जीप आली, पण बायका उतरून शेडच्या दारातच थांबल्या. विजयमाला त्यांच्यात जाऊन उभी राहिली. ऑर्डर नाही म्हणाली, पुढचं ठाऊक नाही म्हणाली, जिलबी हा आपला गाढवपणा म्हणाली. एक-दोघी फिस्सकन हसल्या. मग सगळ्यांच्या माना वळल्या त्या करुणाकडं.

"खरं हाय का गं?" छबूबाईनं विचारलं.

"खरं हाय. ताई म्हणत्यात तेवढंच मला बी म्हाईत हाय."

तेव्हा कुठं बायकांनी केसांवर कामाच्या टोप्या चढवल्या आणि आत गेल्या.

विजयमालाला ते लागलं. काळीज काढून ठेवलं हिनं, आणि त्यावर शिक्का करुणाचा! काहीतरी झोंबणारं बोलावं म्हणून ती पुढं झाली. करुणा एकटीच भरलेलं क्रेट उचलत होती. विजयमालानं दुसरी बाजू धरली आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"जळते मी तुझ्यावर, करुणे. लई जळते."

"ठाऊक हाय, ताई," करुणा म्हणाली. "नीट धरा, जड हाय."